मुठीखालची पांढरी माती

ज्या वर्षी ओमोसेडेच्या वडिलांनी घरात दुसरी बायको आणली, त्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, मी बेनिन शहरातल्या त्या घरात आले. नव्या नवरीच्या पेट्या टेम्पोतून उतरल्या, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर उतरले. मित्रांनो, मी एक जुनी बॅडमिंटनची रॅकेट आहे. माझी मूठ लाकडाची आहे आणि दांडा पोलादाचा. मी कुठल्या कारखान्यात बनले ते मला आठवत नाही. तिथे मला वाकवून, ताणून, ठोकून पाहिलं होतं, एवढं मात्र आठवतं. तेव्हापासून मी कुठल्याही हातावर पटकन विश्वास ठेवत नाही.

नव्या नवरीचं नाव अदेसुवा. मोठीच्या मुलीला काहीतरी द्यावं म्हणून तिने मला आणलं होतं. ओमोसेडे तेव्हा शाळकरी पोर होती, हात लांब आणि पाय सतत हलते. ती मला घेऊन अंगणभर नाचली. तिच्या आईने मात्र मला उलटंसुलटं करून पाहिलं, माझ्या तारांचा वास घेतला आणि विचारलं, "सवतीने आपल्या लेकीला सोडून माझ्या लेकीला का दिलं?" अदेसुवाला तेव्हा लेक नव्हती. पण शंकेला एवढं कुठे बघायचं असतं?

त्या घरात अंगण एक आणि स्वयंपाकघरं दोन. वडील एक दिवस इकडे जेवत, एक दिवस तिकडे, आणि कुणाच्याच स्वयंपाकाबद्दल तोंड उघडत नसत. ओमोसेडे दोन्हीकडे जेवायची. अदेसुवाला ती धाकटी आई म्हणायची. तिच्या हातचं काळं कालवण आणि कुटलेल्या याम कंदाचा गोळा तिला फार आवडे. तिची आई मोठ्या चर्चमध्ये जाई. अदेसुवा जुन्या रीतीने पाण्याच्या देवाला, ओलोकुनला भजत असे. तिच्या खोलीत पाण्याचा माठ होता आणि माठाशेजारी पांढऱ्या मातीचे गोळे असत.

वर्षं गेली. ओमोसेडे शाळेत जिंकली, मग राज्यात, मग देशात. नव्या रॅकेटी मिळाल्या तरी मोठ्या सामन्याला ती मलाच घेई. तिचा एकच दोष होता. तिच्या हाताला फार घाम यायचा. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ती तळवा चड्डीला पुसायची.

आफ्रिकेच्या अजिंक्यपदाची स्पर्धा मॉरिशसला होती. जाण्याच्या आदल्या दुपारी घरात कुणी नसताना अदेसुवा मला आपल्या खोलीत घेऊन गेली. तिने दार लावलं, माझ्या मुठीवरची पट्टी सोडवली आणि पांढरी माती लाकडात खालपासून वरपर्यंत चोळली. चोळताना ती काही पुटपुटत होती. मग पट्टी होती तशी गुंडाळली. मला वाटलं, चांगलं करणारं माणूस दार लावून का करतं?

मॉरिशसला ओमोसेडे एकामागून एक सामने जिंकत गेली. अंतिम सामन्यात समोरच्या मुलीने पंचांना सांगितलं की हिच्या मुठीतून पांढरं काहीतरी गळतंय. पंचांनी पट्टी सोडवली, माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, घामासाठी आहे, चालेल. ओमोसेडे जिंकली. आफ्रिकेची विजेती झाली. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला आणि तिच्या खांद्यावर मी होते. पण फोटोत ती हसत नव्हती. ती माती कुठल्या माठाशेजारची, हे तिने ओळखलं होतं.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं.

"आज जिंकवलं," आई म्हणाली. "पण फुकट कोण जिंकवतं, बाई? ती वसूल कधी करील, ते सांग. तुझ्या लग्नाला करील, का तुझ्या पोटाला करील?"

ओमोसेडेने अदेसुवाला विचारायला हवं होतं. अंगण ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण विचारलं तर ती खोटंच सांगेल, असं आईने आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढची स्पर्धा आमच्या बेनिन शहरातच ठरली. आईने मला चर्चमध्ये नेलं. पाद्र्याने माझी पट्टी काढली, मोठ्याने प्रार्थना केली आणि ऑलिव्हच्या तेलाची बाटली माझ्या मुठीवर ओतली. लाकूड तहानलेलं असतं. मी ते सगळं पिऊन टाकलं. वर नवी पट्टी आली आणि कुणाला काही दिसलं नाही.

पहिले सामने सकाळच्या गारव्यात झाले. अंतिम सामना भर दुपारी होता. बंद हॉल, पंखे नाहीत, कारण वाऱ्याने शटल भरकटतं. हॉल तापला तसं माझ्या पोटातलं तेल हळूहळू पट्टीतून वर येऊ लागलं. ओमोसेडे हात पुसत होती, पुन्हा पुन्हा पुसत होती. शेवटच्या गुणाला शटल उंच आलं. तिने उडी मारली, हात फिरवला आणि मी तिच्या हातातून निसटून थेट जाळीवर आदळले. सामना गेला.

प्रेक्षकांत अदेसुवा आपल्या लहानग्या इयोबोला मांडीवर घेऊन बसली होती. ती उठून उभी राहिली. दोन रांगा खाली बसलेली आई मागे वळून तिच्याकडे बघत एवढंच म्हणाली, "केलीस वसूल."

त्या दिवसापासून ओमोसेडे अदेसुवाच्या स्वयंपाकघरात गेली नाही. ताट आलं तर ते कुत्र्याला जाई. धाकटी आई म्हणणंही संपलं, नुसतं इयोबोची आई. मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. माझ्या तारा सैल झाल्या, कोळ्याने चौकटीत घर केलं. विजेतीकडे लोक येत, तेव्हा मला कुणी खाली काढू नये म्हणून ती माझ्यासमोरच खुर्ची मांडून बसे.

पुढे ती त्याच हॉलमध्ये मुलींना शिकवू लागली. एकदा पट्टी कशी गुंडाळायची ते दाखवायला जुनी रॅकेट हवी होती, म्हणून तिने मला नेलं. सोळासतरा वर्षांनी माझी पट्टी निघाली. खवट वास सुटला. पुढच्या मुलीने नाक धरलं.

"कोच, हिला तळली होती का?"

सगळ्या हसल्या. ओमोसेडे हसली नाही. मूठ वरून चिकट, काळी होती. पण अगदी टोकाला, जिथे तेल पोचलं नव्हतं, तिथे पांढरी माती तशीच कोरडी होती. तिने त्यावर बोट दाबलं. बोट घसरलं नाही. मग तिने वरच्या भागावर दाबलं. बोटाला पाद्र्याचं तेल लागलं. मुलींना तिने लवकर घरी सोडलं.

संध्याकाळी मला घेऊन ती अंगण ओलांडून गेली. अदेसुवा पाला निवडत बसली होती. तिने माझी मूठ हातात घेतली, वास घेतला.

"एवढ्या तेलात तर मी महिनाभर केळी तळीन," ती म्हणाली.

"माती का लावलीस? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर लावू दिली असतीस? तुझा हात ओला व्हायचा. आमच्यात लेक दूर निघाली की ही पांढरी माती, ओरुए, लावून पाठवतात. तुझी आई लावणार नव्हती."

ओमोसेडे तिथेच पाटावर बसली. म्हणाली, "धाकटी आई, कालवण आहे का?"

ती जेवत असताना पलीकडच्या खिडकीत तिची आई उभी होती, सगळं बोलणं ऐकून. मला वाटलं, आता खिडकी आपटणार. म्हातारीने तिथूनच विचारलं, "माझ्यापुरतं उरलंय का?"

"विष संपलंय," अदेसुवा म्हणाली. "नुसतं कालवण आहे."

मित्रांनो, मला आता कुणी खेळायला घेत नाही. माझी मूठ घासून पुसून झाली, तरी तेलाचा वास जात नाही. तुमच्या रॅकेटची पट्टी वेळच्या वेळी सोडून बघत जा. आतून काही निघालं तर ज्याने ठेवलं त्यालाच विचारा, आणि उत्तर ऐकेपर्यंत वर काही ओतू नका.

अदेसुवा २०१५ च्या मार्च महिन्यात, एका रविवारी सकाळी वारली. ओमोसेडेची आई त्याच वर्षी डिसेंबरात वारली.