भिंगरीशी बोलण्यापुरता वेळ

ट्रकच्या अड्ड्यावर त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो बंद होत नसे. वजनकाट्याच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, गोदामाच्या दारात, कुठेही चार माणसं दिसली की याचं सुरू. घाटात ब्रेक कसे तापले, कुठला चौकीदार झोपेतच पावती कशी फाडतो, सगळं नकलांसकट. माणसं पोट धरून हसायची. बायकोही त्याच्या बोलण्यावरच भाळली होती. "दिसायला तुम्ही बेतास बात," ती म्हणायची, "पण तोंडात साखर होती."

अशा माणसाला मुलगी झाली ती ऐकू न येणारी.

दीड वर्षाची होईपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. पोर इतकी चलाख, की दार उघडलं की वाऱ्याच्या झुळकीनेच मान वळवायची. एकदा बायकोच्या हातून पातेलं निसटलं, पोरीच्या पाठीमागेच आदळलं, आणि ती वळली नाही. मग डॉक्टर, तपासण्या, कानात घालायचं यंत्र. यंत्राने तिला मोठा आवाज कळे, बोलणं कळत नसे. घरभर गरागरा फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. हाक मारायला नाव लागतं. तिच्या बाबतीत तो प्रश्न तसाही उरला नव्हता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा मुलांची एक खाजगी शाळा होती. महाग, पण चांगली. तिथे हातांनी बोलायला शिकवत. नुसतं 'पाणी दे, भूक लागली' एवढंच नव्हे, तर गोष्टी, गणितं, भांडणं, सगळं. बायको शाळा पाहून आली आणि तिला दुसरं काही सुचेना.

"तिथली पोरं एकमेकांना विनोद सांगतात हो. हातांनी. आणि लोळून लोळून हसतात."

रेडिओ तेव्हा गावातल्या गावात पगारी ड्रायव्हर होता. सकाळी जायचा, संध्याकाळी घरी. त्या पगारात घरभाडं निघायचं, ही शाळा निघाली नसती. मग लांब पल्ल्याच्या एका कंपनीची योजना कानावर आली. ट्रक कंपनीचा, पण करार आपल्या नावावर. दर आठवड्याला हप्ता, डिझेल आपलं, टायर आपले, दुरुस्ती आपली. माल कंपनी देणार, भाड्यातला मोठा वाटा आपल्याला. पाच वर्षं हप्ते फेडले की ट्रक आपल्या मालकीचा. मधेच सोडला तर भरलेलं सगळं पाण्यात.

"नाकापेक्षा मोती जड नाही ना होणार?" बायकोने विचारलं.

"अगं, आज दुसऱ्याचा हत्ती हाकतोय. उद्या स्वतःचा हाकू."

"हत्ती हाकायला काही लागत नाही. पोसायला लागतं." पण सही करताना तीच त्याच्या शेजारी बसली होती.

हत्तीने खायला सुरुवात केली. ट्रक उभा राहिला तरी हप्ता उभा राहत नसे. एक खेप टाकली की दुसरी, आणि ती नेमकी घराच्या उलट्या दिशेची. कोणता ट्रक कुठे जाणार ते ठरवणारा डिस्पॅचवाला फोनवर फार गोड बोलायचा. "घरी जायचंय ना? जा की. ट्रक तुझा, मर्जी तुझी. फक्त हा माल चांगल्या भावाचा आहे, तेवढं बघ." रेडिओ बघायचा, आणि माल भरायचा. घरी यायला कधी तीन आठवडे लागत, कधी महिना. शाळेची फी मात्र एकदाही चुकली नाही.

बाकीचे ड्रायव्हर गाडी चालवता चालवता घरच्यांशी बोलत. पोराची परीक्षा, बायकोचं दुखणं, शेजाऱ्यांची कटकट, नुसत्या आवाजावर त्यांचे संसार चालायचे. रेडिओला ती सोय नव्हती. भिंगरीशी बोलायचं तर तिचे हात दिसायला हवेत, आणि आपले मोकळे हवेत. ट्रक थांबेपर्यंत पोर झोपून जायची. बायको शाळेतल्या पालकांच्या वर्गाला जाऊन भराभर शिकली. ती त्याला खुणांचे व्हिडिओ पाठवायची, आणि माल भरायची वाट बघत तो आरशासमोर घोटत बसायचा. आई. शाळा. लाल. उद्या. पण घरी आला की भिंगरी दारातच सुरू व्हायची. बोटं, भुवया, गाल, खांदे, सगळं एकदम आणि सुसाट. हा त्यातला 'शाळा' तेवढा पकडायचा आणि मान डोलवायचा.

एकदा जेवताना ती काहीतरी लांबलचक सांगत होती. बायकोला हसू आवरेना, घास हातातच राहिला. मग तोही हसला, जरा उशिरा. भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं, आईकडे वळून बसली आणि उरलेली गोष्ट एकट्या आईलाच सांगितली.

"काय म्हणाली?"

"काही नाही हो, वर्गातला एक मुलगा बाकावरून पडला."

"त्यात एवढं हसण्यासारखं काय?"

"ती नक्कल करते ना... तो पडायच्या आधी किती ऐटीत बसला होता, त्याची." बायको बोलता बोलता थांबली.

पोरीने नकला बापाकडून उचलल्या होत्या. कधी, कशा, कोण जाणे. आणि त्या घरात त्या न कळणारा माणूस एकच होता.

तिसऱ्या वर्षी शाळेने पालकांना बोलावलं, तेव्हा नशिबाने तो घरी होता. भिंगरीने त्याचा हात धरून त्याला वर्गात ओढत नेलं, मैत्रिणींसमोर उभं केलं, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मग हात वर करून डावीकडे उजवीकडे हलवला. त्यानेही खूश होऊन सगळ्या पोरांना टाटा केला. वर्ग फिदीफिदी हसला. भिंगरी वैतागली, तिने पुन्हा तेच केलं, त्यानेही पुन्हा तेच केलं.

वर्गाच्या बाई पुढे आल्या. "अहो, ती टाटा करत नाहीये. तुमचं नाव सांगतेय."

"माझं नाव?"

"या मुलांमध्ये प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. तुमच्या मिसेसना ती अशी हाक मारते," बाईंनी हनुवटीवर बोट टेकवलं, "तिथे तीळ आहे म्हणून. आणि तुम्हाला..." त्यांनी हात अर्धवट हलवला आणि खाली घेतला. "लहानपणी तिनेच ठेवलंय. बदलता येतं. मुलं बदलतात कधी कधी."

रेडिओने आपल्याच हाताकडे पाहिलं. त्याला आठवत होतं, दर वेळी तो घरात पाऊल टाकायचा, भिंगरी धावत यायची आणि त्याच्यासमोर हात हलवायची. त्याला वाटायचं, खेळ आहे. तोही हलवायचा. तीन वर्षं पोर त्याला हाक मारत होती आणि तो तिला निरोप देत होता.

घरी आल्यावर त्याने चपलाही न काढता सांगितलं, "ट्रक परत देतो."

बायको इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एका लॉन्ड्रीत कामाला होती, उरलेलं काम घरी आणायची. "दोनच वर्षं राहिलीत. आत्ता सोडलात तर गाढवही जाईल आणि ब्रह्मचर्यही जाईल."

"दोन वर्षांनी ती नऊची होईल. मी ट्रकचा मालक होईन. तिचा कोण होईन?"

"आणि शाळा?"

"बघू. करू काहीतरी."

"तुमचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे," ती म्हणाली. "ती शाळा सुटली, तर तुमच्याशी बोलायला तिच्याकडे राहील काय? बाप मिळेल, पण भाषा जाईल. त्याचा काही विचार?"

त्याने विचार केला नव्हता असं नाही. पण त्या हलणाऱ्या हातापुढे त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

कंपनीच्या आवारात एका कारकुनाने ट्रकभोवती फेरी मारली, ओरखडे टिपले आणि किल्ली घेतली. रेडिओने उशी, स्टोव्ह, स्लिपर आणि आरसा पिशवीत भरला. डिस्पॅचवाला खिडकीतून म्हणाला, "घाई केलीस रे." एवढंच. मग गावातच फर्निचर पोचवणाऱ्या टेम्पोवर त्याला काम मिळालं. पैसे निम्मे, पण संध्याकाळी घरी.

पहिले काही महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. भिंगरी त्याची मास्तरीण झाली, आणि मास्तरीण कडक होती. अंगठा चुकला की त्यावर चापट मारायची. त्याने तिला तापलेल्या ब्रेकची गोष्ट हातांनी सांगितली, झोपेत पावत्या फाडणारा चौकीदार करून दाखवला. ती जमिनीवर पडून हसली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको बघत होती; तिने डोळे पदराला पुसले आणि वर म्हणाली, "कांदा फार झोंबतोय आज." कांदा त्या दिवशी नव्हताच.

पण पैशाचं सोंग आणता येत नाही. बायकोने लॉन्ड्रीत संध्याकाळचीही पाळी धरली. मुख्याध्यापिकांनी फी कमी केली, तरी वर्ष संपता संपता तीही झेपेना. भिंगरीचं नाव घराजवळच्या साध्या शाळेत घातलं.

तिथली माणसं वाईट नव्हती. तिला पहिल्या बाकावर बसवलं, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. पण लिहिताना बाईंची पाठ असायची आणि बोलताना त्या वर्गात फिरायच्या. मुलांनी आधी कौतुकाने चार खुणा शिकून घेतल्या, मग त्यांना कंटाळा आला. मधल्या सुट्टीत ती भिंतीला टेकून डबा खायची, हे टेम्पो घेऊन जाताना त्याने एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं. घरी कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी घरात दोघंच असत. बायको कामावर, आणि खुणा नीट येत होत्या त्या तिलाच. भिंगरी आता त्याच्याशी सावकाश बोलायची, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तशी. आधी त्याला बरं वाटलं. आपल्याला कळायला लागलं, असं वाटलं. मग एका सुट्टीच्या दिवशी ती आईशीही तशीच सावकाश बोलताना दिसली. छोटी वाक्यं. एकेक हात. भुवया जागच्या जागी.

त्याच सुमारास तिघं बाजारात गेले असताना जुन्या शाळेतली तिची मैत्रीण भेटली. दोघी एकमेकींच्या अंगावर धावल्या. मैत्रिणीने काहीतरी सांगायला घेतलं, बोटं नुसती पाण्यासारखी. भिंगरी तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. तिने एकदा थांबवून पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा विचारलं नाही. मैत्रीण हसली, आणि भिंगरीही हसली, जरा उशिरा.

ते हसू त्याने दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं, पण ओळखलं लगेच. हातातली भाजीची पिशवी त्याला एकदम जड झाली.

घरी जाताना बायको म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही."

"म्हणालीस की."

"म्हणाले," ती म्हणाली, आणि त्याचा दंड धरून चालत राहिली.

कंपनीने त्याला परत घेतलं. नवा करार, नवा हप्ता, मोजणी पहिल्यापासून. आधीच्या तीन वर्षांचं कोणी नावही काढलं नाही. सही करून आल्यावर बायको म्हणाली, "मी सांगू का तिला?"

"नाही. मी सांगतो."

दोन दिवस तो न्हाणीघराच्या आरशासमोर उभा राहून तयारी करत होता. मग रविवारी सकाळी त्याने भिंगरीला टेबलासमोर बसवलं. खिडकीचा उजेड आपल्या हातांवर पडेल असा स्वतः बसला. आणि त्याने सांगितलं. मी पुन्हा मोठ्या ट्रकवर जाणार आहे. तुझी जुनी शाळा पुन्हा सुरू होणार. इथे संध्याकाळी तुझ्याशी बोलायला मी एकटा आहे, आणि मला थोडंच येतं. तुला पुष्कळ माणसं हवीत. मला जायचं नाहीये, तरी मी जाणार. त्याने तिच्या भाषेत एवढं लांब आजवर काही सांगितलं नव्हतं. एकही अंगठा चुकला नाही. शब्दन् शब्द तिला कळला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले.

त्याचे हात हवेतच राहिले. अजून सांगायचं होतं, पण कुठे सांगणार? त्याने तिच्या खांद्याला हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला. दाराशी उभी असलेली बायकोही हलली नाही. समोरच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कोणीतरी जिना उतरत होतं. तो थांबून राहिला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. ओले नव्हते. तिने विचारलं, वर्ग तोच का?

तोच.

मैत्रीण शेजारी बसेल?

बसेल.

तिने मान हलवली, खुर्चीवरून उतरली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून उभी राहिली. आईच्या पाठीवर तिची बोटं काहीतरी बोलत होती, पण ते खूप भरभर होतं. त्याला कळलं नाही.

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. रेडिओ जिथे असेल तिथे दिवस मावळायच्या आत ट्रक बाजूला घेतो आणि फोन टेकवून तिची वाट बघतो. त्यामुळे चांगल्या भावाचा माल हातचा जातो, डिस्पॅचवाला वैतागतो, आणि हप्ते फिटायला वर्षभर तरी जास्त लागेल असं दिसतंय. बायकोने संध्याकाळची पाळी सोडली आहे, भिंगरी शाळेत रमली आहे. पुन्हा भरभर बोलते. काही दिवशी फोनसमोर येऊन बसते, आणि त्याला निम्मं तरी कळतं. काही दिवशी बायको एकटीच दिसते आणि म्हणते, "मैत्रीण आलीय, खेळतायत. बोलावू का?"

"नको, खेळू दे," तो म्हणतो. बस वेळेवर येते का, नळ दुरुस्त झाला का, ते विचारतो. मग फोन ठेवून खाली उतरतो आणि एकेका टायरला लाथ मारून हवा बघतो.