कनू घरी आली

"शनिवारी कनू येणार आमच्याकडे," असं बारकीने शेजारच्या आजींना सांगितलं, तेव्हा आजींनी डोळे बारीक करून विचारलं, "कोण गं हा? तुमच्या नात्यातला का? राहणार आहे की लगेच जाणार?"

बारकी हसता हसता जिन्याच्या पायरीवरच बसली. कनू म्हणजे पाहुणा नव्हे, पाण्यातली नाव. लांबोडकी, दोन्ही टोकांना निमुळती, आखूड वल्ह्यांनी हाकायची. तिच्या मामाची. ती गाडीच्या टपावर बांधायची, नदी गाठायची, दिवसभर पाण्यातून जायचं, ऊन उतरलं की काठावर तंबू ठोकायचा आणि सकाळी पुन्हा पाण्यात. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आणि तुझ्या आईला झेपेल का हे?"

दाराआड चपला घालत असलेल्या बाबाच्या कानावर हा प्रश्न पडला. काही दिवसांपासून तोही तोच प्रश्न गिळून हिंडत होता.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. काम शांत, हात स्थिर, आवाज फक्त चाकाचा. त्याची बायको मात्र अगदी उलट. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची आणि दिवसभर "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडून संध्याकाळी घसा बसलेला घेऊन घरी यायची. तोसुद्धा तिच्याच गाडीत शिकला होता. "माझा सगळ्यात ढ विद्यार्थी," ती आल्यागेल्याला सांगायची, "बाहेर सोडणं धोक्याचं होतं, म्हणून घरीच ठेवून घेतला."

मग एका सकाळी ती अंथरुणात उठून बसली आणि खोली फिरली. कपाट, खिडकी, पंखा, सगळं एका बाजूला वाहत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथे बिघाड आहे. जिवाला धोका नाही, पण वेळ लागेल. वेळ लागला तो असा, की ऋतू येऊन गेले आणि ती पलंगावरच होती. फिरणं हळूहळू कमी झालं, पण डोलणं राहिलं. जमीन, भिंती, पाण्याचा पेला, सगळं तिला मंद लाटांवर ठेवल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षात घराने स्वतःची एक भाषा बनवली. सकाळी चहा नेऊन दिला की बाबा विचारायचा, "आज कसं आहे पाणी?" ती डोळे मिटूनच सांगायची, "शांत आहे." किंवा, "लाटा आहेत रे. पडदा लाव." लाटा असल्या की घर पावलं न वाजवता चालायचं. बारकी ताटल्या एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवायला शिकली. बाबाने दारांच्या चौकटींना फेल्टच्या मऊ कापडी पट्ट्या चिकटवल्या. दुकानातून घरी आल्यावर त्या अर्ध्या उजेडातल्या खोलीत पाऊल ठेवताना त्याला वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी उतरतो आहोत. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याची सवय झाली होती. ती पलंगावर, उशीला टेकून, जिथे सकाळी सोडली तिथेच. आपण शांतता सांभाळतो आणि ती त्या शांततेत सुरक्षित आहे, एवढं त्याला पुरत होतं.

आता ती बरीचशी बरी होती. बाजारात जायची, पायऱ्या चढायची. डोलणं अधूनमधून यायचं आणि जायचं. आणि अशात एका जेवणात भाताचा घास हातात धरून ती म्हणाली, "मला नावेतून जायचंय."

बाबाने हातातला घास ताटात परत ठेवला. "नावेतून? तू?"

"वर्षभर नावेतच आहे मी. तुम्हाला दिसत नव्हती एवढंच. आता खरीखुरी पाहिजे."

डॉक्टर तरी नाही म्हणतील अशी त्याला आशा होती. डॉक्टरांनी विचारलं, "पोहता येतं ना? मग जा की. तरंगायचं जाकीट अंगातून काढू नका आणि मान झटक्याने वळवू नका." झालं. मोहीम ठरली.

*

शनिवारी मामा कनू घेऊन आला. मामा म्हणजे बारकीच्या आईचा थोरला भाऊ, छापखान्यात कामाला, आडव्या बांध्याचा आणि उभ्या आवाजाचा. नाव ठेवायची कुठे, हा पहिला पेच. अंगणात ठेवावी तर अंगणच नव्हतं. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत घरात आडवी झोपली. तिला ओलांडल्याशिवाय कुणाला पाणी प्यायलाही जाता येईना.

आणि गंमत अशी, की कुणी तिला नुसतं ओलांडेना. बारकी तिच्यात बसून अभ्यास करू लागली. पत्र्याचा कंदील, शेगडी, दोर, पाणी शिरू नये अशा जाड पिशव्या, सगळं सामान आधी नावेत जमू लागलं. दुपारी उन्हाची तिरीप दारातून आत आली की नावेच्या हिरव्या अंगावरून उजेड छतावर चढायचा आणि तिथे हलत राहायचा. बाबा तो बघत उभा राहायचा. पाणी नसताना पाण्याची झिलई कुठून येते, ते भिंगाच्या माणसाला समजत होतं, तरी नजर हलायची नाही.

मामाने तंबू बैठकीतच उभारून दाखवला. खुर्च्या भिंतीला गेल्या, खुंट्यांऐवजी टेबलांच्या पायांना दोऱ्या बांधल्या आणि नारिंगी कापडाची एक खोली खोलीच्या आत उभी राहिली. "आडवे व्हा सगळे, माप घेऊ," मामा म्हणाला. सगळे आडवे झाले. आत सगळ्यांचे चेहरे पिकल्या फळासारखे दिसत होते. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज कापडातून गाळून येत होता, लांबच्या धबधब्यासारखा. मामा माप घेता घेता घोरायला लागला. बारकी त्याच्या पोटाच्या चढउताराकडे बघत झोपली. आणि बाबाला, अर्धवट झोपेत, असं वाटलं की घर बांधलेलं नाहीच, कुठेतरी हळूच वाहत चाललं आहे आणि आपण काठ बघायला विसरलो आहोत.

"जागा आहेस?" बायकोने विचारलं.

"हं."

"तू रोज एक वस्तू पिशवीतून बाहेर काढून पुन्हा आत ठेवतोस. मला दिसतं."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि तोही तसाच राहिला.

*

नदीवर जाण्याआधी एकदा नाव पाण्यात घालून बघायला हवी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पोहण्याच्या तलावावरचा राखणदार मामाच्या ओळखीचा. तलाव उघडायच्या आधी, सकाळी सकाळी, त्याने त्यांना आत घेतलं. "कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या कुणी जहाज घेऊन येईल," तो म्हणाला आणि लांब बाकावर पाय पसरून बसला.

तलाव कोरा होता. पाण्याखालच्या काळ्या रेघा हलक्या हाताने वाकल्यासारख्या दिसत होत्या. आपले आवाज उंच छपराला लागून उशिरा परत येत होते. ती पुढे बसली, बारकी मधे, बाबा मागे. मामाने काठावरून नाव ढकलली.

"वल्हं चमच्यासारखं धरू नका हो, आमटी ढवळायची नाहीये!" मामा ओरडला.

नाव तलावाच्या मध्यावर गेली आणि थांबली. बाबाचं लक्ष तिच्या पाठीकडे होतं. पाठ ताठ होती. हात वल्ह्यावर घट्ट आवळलेले.

"डोलतंय का?" त्याने विचारलं.

"हो."

"परत जाऊ या?"

मग मान न वळवता तिने विचारलं, "तुला डोलतंय?"

"मला? हो. डोलतंय की."

"बारके, तुला?"

"मला पण! खूप!" बारकीने जागच्या जागी हलून आणखी डोलवून दाखवलं.

पुढची पाठ थरथरायला लागली. ती रडते आहे असं बाबाला वाटलं, आणि ती रडत होतीच, पण हसतही होती. "सगळ्यांनाच डोलतंय," ती म्हणाली. "अरे, सगळ्यांनाच! वर्षभर मी एकटीच होते रे तिथे. तुम्ही काठावर उभे राहून विचारायचात, पाणी कसं आहे, पाणी कसं आहे."

तिच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून बाबा उठला. नावेत उठायचं नसतं, हे मामाने दहादा सांगितलं होतं. पुढचं सांगायलाच नको. छपराने तिघांच्याही किंकाळ्या सावकाश परत केल्या. जाकिटांनी सगळ्यांना बुचासारखं वर आणलं, पण बाबाचा चष्मा तळाला गेला. त्याला फक्त निळं दिसत होतं, आणि निळ्यात हलणारे दोन डाग.

"इकडे ये, माझ्या आवाजाकडे," एक डाग म्हणाला. "सावकाश. घाई नको. क्लच सोड हळूहळू."

राखणदाराने जाळीच्या दांडक्याने चष्मा वर काढला तोपर्यंत बाबा तिचं कोपर धरून काठाला टेकला होता.

*

आणि त्याच दुपारी लाटा आल्या. बऱ्याच दिवसांत आल्या नव्हत्या तशा. ओले कपडे वाळत घालताना तिने भिंत धरली, मग चौकट, मग पलंग गाठला. बाबाने पडदे ओढले, पाणी आणून ठेवलं, बारकीला बोटाने गप्प केलं. हात सगळं आपोआप करत होते. मग तो नावेपाशी बसला आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. शेगडी, कंदील, दोर, पांघरुणं. आवाज न करता.

"बाबा, काय करतोयस?" बारकीने कुजबुजत विचारलं.

"बघू नंतर. आईला बरं वाटू दे आधी."

"मी जागी आहे," आतून आवाज आला. "इकडे ये."

तो जाऊन पलंगाच्या कडेला बसला. तिचे डोळे मिटलेले होते, चेहरा पांढरा.

"ही भीती कुणाची आहे?" तिने विचारलं.

"कुणाची म्हणजे?"

"माझी नाहीये. लाटा मला येतात, मला माहितीयेत त्या. येतात, जातात. इथे आल्या तर पलंगावर पडते, तिथे आल्या तर तंबूत पडेन. मग भीती कुणाची उरली?"

"माझी," तो म्हणाला.

"मग तुझ्या भीतीला बरोबर घेऊ या. जागा आहे नावेत."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. "मला हे एवढंच जमतं गं," तो म्हणाला. "पडदे लावणं. हळू चालणं. तिथे पडदे नसतील. वारा असेल, पाखरं ओरडतील, बारकी ओरडेल. मी काय करू तिथे?"

तिने मान उशीत आणखी खोल टेकवली. झोपली असं वाटून तो उठणार, तेवढ्यात ती म्हणाली, "भात करशील. करपवशील. मी नावं ठेवेन. आणि हो, तो पडदा उघड. उजेड येऊ दे."

त्याने पडदा उघडला. उजेड आला. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण बंद कर म्हणाली नाही. मग तो बाहेर जाऊन पांघरुणं पुन्हा नावेत भरायला लागला, आणि कंदील शेगडीवर आपटून चांगला खणखणीत आवाज झाला तेव्हा बारकीने आधी श्वास रोखला आणि मग मुद्दाम पातेल्याचं झाकण वाजवलं.

*

निघाले तेव्हा नावेच्या दोऱ्या आवळायला मामा आला होता, आणि हा पाहुणा निघाला एकदाचा म्हणून बघायला शेजारच्या आजीही. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशा टपावरच्या दोऱ्या वाऱ्यात गुणगुणू लागल्या. वेग वाढला की सूर चढायचा, वळणावर उतरायचा. बाबा दोन्ही हातांनी चाक आवळून बसला होता. शेजारी ती खिडकीला डोकं टेकून शेतं, टेकड्या, विजेचे खांब मागे जाताना बघत होती.

"आरशात बघ," ती मधेच म्हणायची. "नुसतं समोर नको."

त्या प्रवासात एक अख्खा दिवस लाटांचा गेला. ती तंबूत पडून राहिली, वारा कापडावर थापा मारत होता, समोरच्या काठावर पाखरांनी रान डोक्यावर घेतलं होतं आणि बारकी पाण्यात दगड फेकत प्रत्येक दगडाला नाव देऊन ओरडत होती. बाबाला पहिल्यांदा वाटलं, धावत जाऊन सगळ्यांना गप्प करावं. नदीला, वाऱ्याला, पोरीला. मग ते मनातून कधी गेलं, त्याला कळलं नाही. तो शेगडीपाशी उकिडवा बसून होता. पाण्यावर ऊन तुटून तुटून पडत होतं आणि रिकामी नाव काठाला बांधलेली, आपल्याच नादात वरखाली होत होती.

"काहीतरी करपतंय," तंबूतून आवाज आला.

"नाही, नाही," तो म्हणाला आणि घाईघाईने पातेलं उतरवलं.