उलटा लिहिलेला सेट

भंडाऱ्याच्या टेनिस कोर्टाशेजारच्या बाकावर टेकचंदनं लेकीच्या नागपूरच्या मॅचची वही तिचे कोच प्रफुल्ल सर यांच्या हाती दिली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसला. सर पानं उलटत तिसऱ्या सेटपर्यंत आले आणि थांबले.

"टेकचंदभाऊ, पोरीचं मनगट पुन्हा दुखून राहिलं."

टेकचंदनं जाळीपाशी चेंडू गोळा करणाऱ्या हर्षाकडे, आपल्या लेकीकडे, पाहिलं. गेल्या वर्षी हर्षानं डाव्या मनगटाचं दुखणं लपवून स्पर्धा खेळली होती आणि मग कितीतरी महिने हाताला पट्टा बांधून घरी बसली होती. पुन्हा असं केलं तर खेळ सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि राज्य स्पर्धेसाठी नाव पाठवायचा आज शेवटचा दिवस होता.

सर दुसरी टीम घेऊन गोंदियाला गेले की हर्षाची मॅच अशी कागदावर बघायचे. मोहाडीत कोसा रेशमाच्या साड्या विणणाऱ्या टेकचंदचा फोरहँड-बॅकहँड लिहिताना घोळ व्हायचा, म्हणून त्यांनी सोपी रीत लावून दिली होती. चेंडू हर्षाच्या डाव्या हाताला आला तर ‘डा’, उजव्या हाताला आला तर ‘उ’, फटका चुकला तर पुढे फुली. सर्व्हिस कोणत्या बाजूला उभं राहून केली, तेही तसंच. एकेका फटक्याला एकेक अक्षर.

तिसऱ्या सेटमध्ये ‘डा’पुढे फुल्याच फुल्या होत्या. म्हणजे बॅकहँड. उजव्या हातानं खेळणारी हर्षा तो दोन्ही हातांनी मारते आणि जोर डाव्या मनगटावर येतो.

"सर, माहं मनगट ठणठणीत आहे," हर्षा जाळीपासून धावत येत म्हणाली.

"मागच्या टायमालेही असीच म्हणे तू," टेकचंद म्हणाला. "खरं सांग बाई, मी रागावत नाही."

"बाबा, आता रडून दाखवू का तुमाले?" तिनं सरांच्या हातातली वही ओढून घेतली, भराभर ओळी वाचल्या आणि एकदम बोट टेकवलं. "हे काय? माही सर्व्हिस, गेमचा पहिलाच पॉइंट, अन् बाबांनी ‘डा’ लिवलं! पहिला पॉइंट कोणी डावीकडून सुरू करते का? पंच काय झोपला होता?"

सरांनी वही परत घेतली. सर्व्हिस नेहमी उजवीकडूनच सुरू होते. त्यांनी एकेक गेम तपासला. टेकचंद कोर्टाच्या एका टोकामागे बसून लिहायचा; हर्षा पलीकडच्या टोकाला असतानाचे गेम बरोबर होते. अलीकडच्या टोकाचे सगळे उलटे.

टेकचंदनं कपाळावर हात मारला. नक्षीचा काठ तो सुलटी बाजू खाली ठेवून विणायचा, त्यामुळे डाव्याचं उजवं करून बघणं डोळ्यांत मुरलेलं होतं. हर्षा पलीकडून त्याच्याकडे तोंड करून खेळायची तेव्हा हीच सवय कामी यायची. पण तिसऱ्या सेटला जीव टांगणीला लागला, हात मागावरच्यासारखा आपसूक चालू लागला, आणि ती अलीकडे पाठमोरी असतानाही तो डाव्याचं उजवं करतच गेला.

"म्हणजे चुकले ते फोरहँड," सर म्हणाले. "फोरहँड काहून चुकला, हर्षा?"

"त्या टोकावर उजवीकडून सूर्य सीधा डोळ्यात, सर. चेंडूच दिसे ना."

सर कागदावर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी तिचं मनगट सगळीकडून दाबून पाहिलं आणि मग स्वतः समोर उभे राहून बॅकहँडवर चेंडूंचा मारा केला. टेकचंद वही मांडीवर ठेवून बघत होता. पेन खिशातच होतं. चेंडू एकामागून एक खणखणीत परत येत होते आणि तिच्या तोंडावर दुखण्याची एक रेघही उमटली नाही.

"फोरहँडचं मी पाहून घेईन," सर घाम पुसत म्हणाले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी तिचं नाव पाठवून दिलं.

टेकचंदनं मोठा श्वास सोडला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे त्याला आत्ता कळलं.

"चल, तर्री-पोहे खाऊ," तो म्हणाला.

"दोन प्लेट," हर्षा म्हणाली. "मले खोटारडी म्हणून राहिले होते तुम्ही."