उणे बाराचे दोन टाके

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला जावई मिळावा तो भूगोलाचा मास्तर, आणि त्या मास्तरानं उठून सोल्डरिंग गन हातात धरावी! याहून मोठी थट्टा नशिबानं कुणाची केली नसेल, असं म्हाताऱ्याचं ठाम मत होतं.

"हे कथलाचे टाके म्हणायचे? सर्दी झालेल्या माणसानं नाक शिंकरावं तसं दिसतंय, जावईबापू."

मास्तर नुसता हसायचा. त्या हसण्याचाच म्हाताऱ्याला जास्त राग यायचा. शिव्या खाऊन हसतो तो कसला पुरुष!

दोन वर्षं मास्तर मागच्या खोलीत आवाज काढणारं एक खोकं बांधत होता. लाकडी चौकट, तीत शेजारी शेजारी चौदा पट्ट्या, प्रत्येकीवर बटणं आणि भोकं. या भोकातली वायर त्या भोकात खोचली की आवाज बदलायचा. त्याला म्हणे सिंथेसायझर म्हणतात. चौदाच्या चौदा पट्ट्या मास्तरानं हातानं जुळवल्या होत्या, एकेकीला दीड-दीड महिना घालवून. एवढा वेळ कुणी दगडाला दिला असता तर तोही बोलला असता.

आता राहिला होता फक्त पॉवर सप्लाय. भिंतीतल्या विजेतून एका बाजूला अधिक बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला उणे बारा, मध्ये शून्य. ते बारा बाराच राहावेत म्हणून दोन्ही बाजूंना एकेक तीन पायांचा रेग्युलेटर. त्यात चूक झाली तर चौदाही पट्ट्या एका झटक्यात जळणार.

"बाबा, एवढं तुम्ही करून द्या ना," लेक म्हणाली. "यांना भीती वाटते."

"वाटणारच!" म्हातारा म्हणाला, आणि आतून असा सुखावला की विचारू नका. दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत कुणी साधी बॅटरीसुद्धा त्याच्या हातात दिली नव्हती, आणि तो रोज सकाळी हत्यारांची पेटी उघडायचा, पुसायचा, बंद करायचा. हात अजून तेच आहेत, हे एकदा दाखवायचं होतं त्याला. बस्स.

दाखवले. टाके असे पडत गेले की मोती ओवावेत. मास्तर मात्र शेजारी एक छापील कागद घेऊन उभा.

"बाबा, हे दोन रेग्युलेटर दिसायला सारखे आहेत, पण उण्याचे पाय—"

"पाय मला शिकवता? पहिल्या पायातून वीज आत, मधला शून्य, तिसऱ्यातून बाहेर. झोपेतसुद्धा जोडीन मी."

"पण कागदावर—"

"कागद मुलांना वाचून दाखवा शाळेत! इथं हात चालतात."

खरं सांगायचं तर जन्मभरात उण्याच्या रेग्युलेटरशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. त्याचे रेडिओ सगळे एकाच बाजूचे. पण हे तो कशाला कबूल करतोय! शेवटचा टाका मारून तो म्हणाला, "जोडून टाका पट्ट्या. मीटर-बिटर लावायचं नाही, माझं काम आहे ते." आणि जेवून नेहमीसारखा तासभर आडवा झाला.

उठला तेव्हा मास्तर खोक्याचं झाकण बंद करून वाट बघत होता. "बाबा, तुमच्या हातानं चालू करा."

बटण दाबलं. चौदा दिवे लागले आणि खोकं शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडलं. लेकीनं टाळ्या वाजवल्या. पुढचा आठवडाभर म्हातारा भेटेल त्याला सांगत सुटला, "जावयानं दोन वर्षं घोळ घातला, मी एका सकाळीत उरकलं!"

रविवारी त्यानं घड्याळजीला मुद्दाम बोलावून आणलं. दोघांची दुकानं एका भिंतीला लागून होती. त्याच्या तोंडून शाबासकी मिळाली की जग जिंकलं. म्हाताऱ्यानं प्लग काढला, स्वतः स्क्रू सोडवले, झाकण बाजूला केलं. घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं आणि नाक आत खुपसलं.

"वा! हात गेला नाही लेका तुझा. पण हे दोन कुठल्या गाढवानं मारले रे?"

म्हातारा वाकला. उण्याच्या रेग्युलेटरचा पहिला पाय आणि मधला पाय. तिथं त्याचे मोती नव्हते, दोन शिंकरलेले गोळे होते. त्यानं पहिल्या पायाला लावलेली लाल वायर आता मधल्या पायाला होती, आणि मधल्याची काळी पहिल्याला. तेवढंच. उण्याचे पाय वेगळे असतात, हेच मास्तर कागदावरून सांगत होता. ही अदलाबदल झाली नसती तर चौदा पट्ट्या, दोन वर्षं, सगळं भस्म झालं असतं, आणि ते त्याच्या हातानं. तो जेवून घोरत होता तेव्हा हा माणूस इथं बसून हे करत होता, आणि आठवडाभर चकार शब्द बोलला नव्हता.

"ते माझे, काका," दारातून मास्तर घाईघाईनं म्हणाला. "बाबांचं सगळं बरोबर होतं. मीच उगाच हात लावला, तुटलं, परत चिकटवलं."

"वाटलंच मला!" घड्याळजी खदखदून हसला.

"गप्प बसा हो तुम्ही," म्हातारा जावयावर खेकसला. मग घड्याळजीकडे न बघता म्हणाला, "ते दोन मास्तरांचे. गाढवाचे ते बाकीचे."

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं.

"उभे काय राहिलात?" म्हातारा जावयाला म्हणाला. "तो कागद आणा तुमचा. आणि माझा चष्मा."