अंदाजे सात किलो

मित्रांनो, अंगणवाडीच्या आढ्याला लोंबकळणारा, घड्याळासारख्या गोल तोंडाचा तो जुना वजनकाटा म्हणजे मीच. खाली हुक, हुकाला कापडी झोळी आणि झोळीत लेकरं. पोटात स्प्रिंग असल्यामुळे स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच लख्ख होती. भोकरदन तालुक्यातल्या या गावात सेविका उषाबाईंनी मला हौसेनं टांगलं. "काटा बिलकुल बराबर हाय," असं त्या येईल त्याला सांगायच्या आणि मी फुशारून जायचो. मधे बॅटरीवर चालणारा नवा काटा आला, तेव्हा माझी रवानगी कपाटामागे झाली. गरज सरो, वैद्य मरो! मग त्याचे सेल संपले आणि सगळ्यांना पुन्हा माझी आठवण झाली.

पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपत होती. गावाबाहेर पालं ठोकून राहणाऱ्यांची लेकरं माझ्या झोळीत कधीच बसली नाहीत. त्यांच्या आया उंबऱ्याबाहेर थांबायच्या आणि उषाबाई लांबूनच लेकराकडे बघून वजन ठोकून द्यायच्या. "त्यांचं लेकरू झोळीत घातलं की गावातल्या बाया येत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. काटा डोक्यावर टांगलेला आणि वजन मात्र अंदाजानं, म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी वर लटकून नुसता चडफडायचो.

परवा वजनाच्या दिवशी पालावरची शीतल आली. सातवीत शिकते. आई कापूस वेचायला गेलेली, म्हणून आठ महिन्यांचा भाऊ हिच्या कडेवर, जाड गोधडीत गुंडाळलेला.

"अंदाजे सात किलो. गुटगुटीत हाय," उषाबाई म्हणाल्या.

शीतल हलली नाही. "बाई, दोन दिवस झाले, रडूनच राह्यला तो. दूध बी पेत न्हाई. काटा हाय की समोर, अंदाज कशाला?"

रांगेत कांताबाई नातवाला घेऊन उभ्या होत्या, शेजारी त्यांची नात तृप्ती. कांताबाई कडाडल्या, "मंग त्याच झोळीत आमचं लेकरू घालायचं का?"

उषाबाई वहीत सात किलो लिहू लागल्या.

शीतल म्हणाली, "माझ्या भावाला काई झालं, तर तुमचा अंदाज काय कामाचा?" तिनं उंबरा ओलांडला, गोधडी सोडली आणि भावाला झोळीत ठेवलं.

गोधडीतून निघालं ते काटकुळं पोर. माझा काटा थरथरला आणि पाचाच्याही अलीकडे थांबला. आपण बरोबर असल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"अगं बाई, पाच बी न्हाई!" उषाबाईंनी लगेच दवाखान्याची गाडी बोलावली. बाळाला, शीतलला आणि शेतातून त्यांच्या आईला घेऊन गाडी जालन्याकडे धावली.

इकडे कांताबाई नातवाला घेऊन घरी निघाल्या. तृप्तीनं त्यांची वाट अडवली. "आजी, ह्याचं वजन कोण करनार?" असं म्हणत तिनं धाकट्या भावाला त्यांच्या कडेवरून घेतलं आणि त्याच झोळीत बसवलं. कांताबाई रागानं लाल झाल्या. पण पोरगा झोळीत खिदळत होता, त्याला काढायला त्यांचा हात काही पुढे झाला नाही.

आज शीतल जालन्याहून आली. बाळ चमच्यानं दूध घ्यायला लागलंय. हे ऐकून उषाबाई डोळे पुसू लागल्या, तर ती म्हणाली, "बाई, रडू नका. पालावर आणखी लेकरं हायती. चला."

उषाबाईंनी मला आढ्यावरून उतरवलं. आता त्यांच्या खांद्यावरून मी पालांकडे निघालोय. पुढे शीतल, मागे झोळी घेऊन तृप्ती.

मित्रांनो, माझी काच पुसा, हुकाला तेल घाला, मी तुमचा ऋणी राहीन. पण समोर लेकरू असताना मला रिकामा टांगून ठेवू नका. तिकडे कितीतरी लेकरं नुसत्या नजरेनं तोललेली आहेत, आणि या उषाबाई किती सावकाश चालतात! कुणीतरी त्यांना जल्दी पाय उचलायला सांगा हो.