बारदानाचं वजन

"हलू नका सरकार," काटेवाले म्हणाले, "तुम्ही हललात की काटा नाचतो."

सरकार म्हणजे कुत्रा. काटेवाल्यांच्या कवेत चारही पाय लोंबकळत सोडून, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून तो दाराबाहेरची रहदारी बघत होता. काटे दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर दोघं एकत्र उभे होते. सरकार एकटे काही तिथे उभे राहायचे नाहीत. पायाखाली पाटा जरा थरथरला की ते थेट टेबलाखाली. म्हणून ही युक्ती ताईने काढलेली. दोघांनी मिळून चढायचं आणि काटेवाल्यांचं वजन वजा करायचं. पोत्यासकट माल तोलला की पोत्याचं वजन वजा करतात, तसं. त्या पोत्याला धंद्यात बारदान म्हणतात.

"सरकार माल, आणि तू बारदान!" ताई म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. दाराच्या आतल्या अंगाला तिनेच खडूने, गोल ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं होतं : बारदान ६४.

काटा स्थिरावला. अठ्ठ्याहत्तर. काटेवाल्यांनी दाराकडे पाहून वजाबाकी केली. चौदा.

ताई होती तेव्हा सरकार अठरा होते. तिला जाऊन आठ महिने झाले.

फोन टेबलावर चालूच होता. पलीकडे भाची, ताईची लेक, दूरच्या शहरातून.

"चौदा? मामा, खातोय ना तो नीट?"

"खातो की. वाडगा चाटूनपुसून ठेवतो."

"मग अंगी लागत नाहीये. ते कोरडे दाणे कसले अंगी लागणार! मी पाठवलंय ते बघितलंस का? ताजं शिजवलेलं, दर आठवड्याला घरपोच."

"बघितलं. कोंबडी, गाजर, भोपळा. थाट आहे!"

"महाग वाटत असेल तर मी भरते."

"तू कशाला? कुत्रा माझ्याकडे आहे."

"आईचा आहे मामा तो."

काटेवाल्यांनी सरकारांना खाली ठेवलं आणि ते हातावर राहिलेले केस एकेक करून टिपत बसले.

ताई विधवा होऊन भावाकडे आली तेव्हा दोन पेट्या आणि हे पिल्लू एवढंच घेऊन आली होती. भावाने लग्न केलेलं नव्हतं. घरात वीस वर्षं भांड्याला भांडं लागलं नव्हतं, ते तिच्या येण्याने लागायला लागलं, आणि त्या आवाजाची सवय झाली. कुत्र्याला भरवताना ती गुणगुणायची :

एक घास पाखराला, एक घास वासराला,
उरला तो झाकला गं पाठच्या माझ्या भावाला.

"कुत्र्याचं नाव कुठंय यात?" काटेवाले विचारायचे. "त्याला नाव कशाला लागतंय, त्याला घास लागतो," ती म्हणायची. रात्री त्यांना उशीर झाला तर ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं असायचंच.

आता ओट्यावर काही झाकलेलं नसे. संध्याकाळी ते चहाबरोबर हाताला येईल ते उभ्याउभ्याच तोंडात टाकत. दुपारी खानावळीचा डबा दुकानात येई, तो निम्मा तसाच परत जाई.

तो डबाच बंद करावा, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात सरकारांचे ताजे डबे बसत होते. काटे दुरुस्त करून घेणारे लोक कमी झाले होते, लोक जुना टाकून नवा आणत. दुसरं कुठलं भोक बुजवून हा खर्च निघण्यासारखा नव्हता. आपल्याला काय, कशानेही पोट भरतं. पण ताईच्या मागे राहिलेला हा एक जीव, तोही असा हातातून वाळूसारखा निसटायला लागला तर? निदान मूठ तरी आवळून बघू.

त्यांनी त्या घरपोच खाणं देणाऱ्या कंपनीला फोन लावला. एक गोड बोलणारी मुलगी होती. "काका, पाकिटं वजनावर ठरतात. आणि चार किलो उतरलेत म्हणजे आधी डॉक्टरांना दाखवा हं. त्यांनी वजन सांगितलं की मी मागणी घेते."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा काटा जमिनीच्या पातळीतच बसवलेला होता, वर रबराची चटई. आपण काट्यावर आहोत हे सरकारांना कळलंसुद्धा नाही.

"अठरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चौदा असेल. परत बघा."

"अठरा काका. चांगला टुणटुणीत आहे. तुमच्या दुकानातला काटा बिघडला असेल."

"माझा काटा?" काटेवाल्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी आईवरून बोललं असावं. "चाळीस वर्षं दुसऱ्यांचे सरळ करतोय बाई. माझा कसा बिघडेल?"

पिशवीत पारखायचं एक किलोचं पितळी वजन असायचंच. सरकारांना बाजूला घेऊन त्यांनी ते वाकून चटईवर ठेवलं. काटा बरोबर एक किलो दाखवत होता.

"झाली खात्री?" डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांच्या ढगळ सदऱ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता?"

"मला काय झालंय!" काटेवाले म्हणाले आणि निघाले.

दुकानात येताच त्यांनी आपल्या काट्यावर वीस किलोचं वजन चढवलं. काटा वीसवर. दोन्ही काटे खरे, मग खोटं कोण? वजन उतरवून ते तसेच पाट्यावर उभे राहिले. एकटे.

साठ.

त्यांनी मान वळवून दारावरच्या ६४ कडे पाहिलं. बारदान दर खेपेला नव्याने तोलावं. ओलं पोतं जड, वाळलेलं हलकं, त्यातच माणूस फसतो. हे त्यांनी किती व्यापाऱ्यांना दरडावून सांगितलं होतं. पण नवा आकडा लिहायचा तर दारावरचा पुसावा लागला असता. तिथला खडू ताईच्या हातचा होता.

फोन वाजला. तीच मुलगी. "काय काका, करू का सुरू?"

"नको पोरी. सरकारांचं वजन बरोबर आहे."

"अरे वा! मग घरात दुसरं कुणी आहे का, अशक्तबिशक्त? आमचं त्यांच्यासाठीही असतं."

"आहे एक," काटेवाले म्हणाले. "पण त्याला तुमचं चालायचं नाही."

त्यांनी खडू शोधला. ताईच्या आकड्याला धक्का न लावता, त्याच्याखाली, जरा तिरकं झालेलं ६० लिहिलं. तिच्यासारखं गोल शून्य काही जमलं नाही.

खानावळीचा डबा येऊन पडला होता. बंद करा म्हणून सांगायचं राहूनच गेलं होतं. काटेवाले काट्याच्या पाट्यावरच बसले, मांडी घातली आणि डबा उघडून मांडीवर घेतला. पहिला घास हातात धरून ते थांबले. ओठांवर ओवीची सुरुवात आली, मग त्यांनी घास तोंडात घातला.

सरकार टेबलाखालून उठले. पाट्यापाशी येऊन हुंगलं, जरा घुटमळले, आणि मग आपले पुढचे दोन पाय हळूच वर ठेवले.

मागे काटा हलला. तो कुठे थांबतो, हे बघायला काटेवाले वळले नाहीत. ते जेवत होते.