उतारावरचे आडनाव

मी एक जुने आडनाव आहे, मित्रांनो. मला हातपाय नाहीत आणि तोंड तर नाहीच. कोणी उच्चारले तर मी आहे, नाहीतर नाही. मला स्क्रेडली म्हणतात. 'स्क्रेड' म्हणजे डोंगरावरून सुटणारी बर्फाची दरड आणि 'ली' म्हणजे उतार. नॉर्वेच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी, एका उभ्या डोंगराच्या पायथ्याशी एक शेत होते. तिथल्या कोणा पूर्वजाने त्या शेताला हे नाव दिले. गोड नाव द्यायला त्याचे काय जात होते? पण मागून येणाऱ्यांनी सावध राहावे असे त्याला वाटले असणार.

तुमच्याकडेही गावावरून आडनावे पडतात असे ऐकतो. आमच्याकडची रीत थोडी वेगळी. मी माणसांचा नव्हतोच, जमिनीचा होतो. त्या शेतावर जो राहायला येईल तो स्क्रेडली. शेत सोडून गेला की त्याने मला तिथेच ठेवायचे आणि नव्या शेताचे आडनाव लावायचे. माणसे आली, गेली. मी जागचा हललो नाही.

एके वर्षी शेतावर एम्ब्रिक घरजावई म्हणून आला. तो दूर दरीच्या तोंडाशी असलेल्या स्लेटेन नावाच्या सपाट शेतावर वाढलेला. इथे विधवा ग्युरीद आणि तिची एकुलती एक लेक ओस्ने राहत होत्या. ओस्नेशी लग्न लागले त्या दिवशी एम्ब्रिकने आपले जुने आडनाव उतरवले आणि मला अंगावर घेतले. सगळ्या गावाने मान्य केले. ग्युरीदने मात्र केले नाही.

"काय हो स्लेटेनचे पाहुणे, लापशी गार होतेय," ती रोज सकाळी म्हणायची.

"सासूबाई, दोन वर्षं झाली. अजून पाहुणाच का मी?"

"एक हिवाळा नीट काढून दाखवा, मग बघू."

खरे सांगतो, मला एम्ब्रिक आवडायचा. कामाला वाघ होता. पण जुने घर त्याला सोसवत नसे. ते पुढे झुकलेल्या एका कातळाच्या पोटात बांधलेले, अंधारे आणि ओलसर. हिवाळ्यात तिथे ऊन येतच नसे. खाली मात्र मोकळे सपाट कुरण होते, आणि तिथे कोणी साधी झोपडीसुद्धा घातली नव्हती.

"एवढी सोन्यासारखी जागा आणि आपण घुशीसारखे कपारीत!" तो म्हणाला. ओस्नेच्या कडेवर तेव्हा तान्ही गुरो होती आणि तिचा खोकला थांबत नव्हता. त्या उन्हाळ्यात एम्ब्रिकने कुरणात नवे घर उभे केले. मोठ्या खिडक्यांचे, ताज्या लाकडाच्या वासाचे. घर सुरेख होते हो, पण माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. दिवसभर मी त्याच्या नावापुढे लागत होतो, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतो.

ग्युरीद नव्या घरात गेली नाही. ती कातळाखालीच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडत राहिला. कुंपणे बुडाली, गोठ्याचे दार बुडाले. आणि मग एका सकाळी समुद्राकडून उबदार वारा सुटला. इतरांना बरे वाटले असेल. स्क्रेडलीवर मात्र असा वारा सुटला की वरचा बर्फ सैल होणार हे सगळे ओळखून असायचे. अशा दिवसाचा एक रिवाज होता. गाईंच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबायचे. कुऱ्हाड चालवायची नाही, पोरांना रडू द्यायचे नाही, कोणी आवाज चढवायचा नाही. आवाजाने वरचा बर्फ सुटतो अशी त्या लोकांची श्रद्धा होती. त्या दिवशी मलासुद्धा कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

ग्युरीदने घंटा बंद केल्या आणि दुपारी ती कुरणात उतरली. नव्या घराच्या दारात उभी राहून ती अगदी हळू म्हणाली, "ओस्ने, पोरीला घे. वर चल."

"आता काय झालं?" एम्ब्रिक चुलीचे धुराडे बसवत होता. "बर्फ तर वितळायला लागलाय."

"म्हणूनच म्हणते. जावईबापू, तुम्हीही चला. हट्ट करायचा दिवस नाही हा."

"आडनाव घेतलं म्हणून भीतीही घ्यायची का, सासूबाई?"

"हो," ग्युरीद म्हणाली. "ती त्याच्याबरोबरच येते."

ओस्नेने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा आईकडे. मग गुरोला शालीत गुंडाळून ती निघाली. "धुराडं तसंच राहू द्या ना," ती जाताना म्हणाली. तो आलोच म्हणाला आणि आला नाही. हातातले काम टाकून बायकांच्या मागे जायची त्याला लाज वाटली असावी.

मायलेकी कातळाखाली पोहोचल्या. ग्युरीद अंगणातच थांबून वर बघत राहिली. आणि तिला दिसले. कड्याखालच्या पांढऱ्या उतारावर एक निळसर रेघ, बर्फाला गेलेली भेग, उमटली होती आणि बघता बघता लांब होत होती.

जन्मात तिने अशा दिवशी आवाज चढवला नव्हता. हाक मारली तर दरड आपल्याच हाकेने सुटेल असे तिला लहानपणापासून शिकवलेले. पण हाक मारली नाही तर? ती कातळाच्या आडोशातून बाहेर पळाली, अंगणाच्या अगदी टोकाला, जिथून कुरणात आवाज पोहोचतो तिथे. आणि छातीतला सगळा दम लावून ओरडली.

"एम्ब्रिक स्क्रेडली! खडकाकडे पळ!"

नुसते एम्ब्रिक म्हणून हाक आली असती तर त्याने खिडकीतून डोकावून 'काय झालं?' विचारले असते. पण तिच्या तोंडून मला ऐकल्यावर तो हातातला हातोडा टाकून तसाच धावत सुटला. कुरणाच्या कडेच्या खडकामागे त्याने अंग झोकले आणि मागून पांढरा लोंढा आला. नवे घर गेले. कुरण गेले. अंगणाचे टोकही गेले.

"आई!" ओस्नेची किंकाळी त्या धुराळ्यात ऐकू आली. कातळाखाली ती आणि गुरो सुखरूप होत्या.

एम्ब्रिक फावड्याने, नंतर नुसत्या हातांनी खणत राहिला. ग्युरीद सापडली ती वसंत ऋतूत, बर्फ उतरल्यावर. तिला चर्चच्या आवारात पुरले. तोपर्यंत हेही दिसले होते की जमिनीवर दगडधोंडे आणि मोडकी झाडे यांचा थर बसला आहे. तिथे आता बटाटासुद्धा येणार नव्हता. दोघांनी अमेरिकेचे जहाज धरायचे ठरवले.

माझे काय होणार हे मला ठाऊक होते. शेत सोडले की मला सोडायचे, ही रीतच होती. एरवी मला काळजी नसे. एक गेला तर दुसरा येई. पण आता त्या उतारावर कोण येणार? बर्गन बंदराच्या धक्क्यावर जहाजाच्या कारकुनाने नाव विचारले, तेव्हा मित्रांनो, मी शेवटच्या घटका मोजत होतो.

ओस्ने हलकेच म्हणाली, "स्लेटेन सांगा. तुमचंच आहे. कोणी नावं ठेवणार नाही."

एम्ब्रिकने मान हलवली. "स्लेटेनात माझा भाऊ राहतोय. ते रिकामं नाही. या नावात आता कोण राहणार?" आणि कारकुनाला त्याने ठणठणीत आवाजात सांगितले, "स्क्रेडली."

असा मी पहिल्यांदा समुद्र ओलांडला. डकोटात आलो. तिथे उतारही नाही आणि डोंगरही नाही, नुसता गव्हाचा माळ. शेजारच्या जर्मन बायका मला उच्चारताना हसायच्या. गुरो मोठी झाली, तेव्हा तिने एकदा वैतागून विचारले, "बाबा, इतकं विचित्र आडनाव तुम्हाला दिलं तरी कोणी? लग्नात मिळालं ना?"

"नाही गं," एम्ब्रिक म्हणाला. "लग्नात मी नुसतं घेतलं होतं. दिलं तुझ्या आजीने."

आज गुरोच्या डकोटात जन्मलेल्या भावाच्या पतवंडांच्या टपालपेटीवर मी रंगवलेला आहे. रंग दरवर्षी देतात, पण माझा अर्थ कोणालाच माहीत नाही. त्यांना मी सांगूही शकत नाही. मित्रांनो, तुमचेही आडनाव असेच मुके आहे. घरात जुनी माणसे आहेत तोवर त्याच्याबद्दल विचारून घ्या. ते कुठल्या मातीतून आले हे विचाराच, पण त्याआधी विचारा, ते तुमच्यापर्यंत पोहोचावे म्हणून आडोसा सोडून कोण बाहेर पळाले होते.